अंधारासाठी घडवलेली माणसं

मेक्सिकोच्या पश्चिम भागात, खालिस्को, नायारित आणि कोलिमा या राज्यांच्या मुलखात, दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या मातब्बर माणसाला पुरायचं तर आधी विहीर खणावी लागे. ज्वालामुखीच्या राखेचा दगडासारखा घट्ट झालेला थर फोडत सरळ खाली जायचं. या थराला तिकडे तेपेताते म्हणतात. धातूची हत्यारं त्या मुलखात अजून आली नव्हती. जे काही करायचं ते दगडाच्या आणि लाकडाच्या अवजारांनी. माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद ही विहीर कधी दोन-चार मीटर खोल असे, कधी त्याहून कितीतरी अधिक. खालिस्कोतल्या एल आरेनाल इथल्या थडग्याची विहीर सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी, खाली उतरते. तळाशी पोहोचल्यावर बाजूला खोली कोरायची. एक, दोन, कधी तीन. तिथं मृताला निजवायचं. भोवती भांडी, शंख, दागिने आणि मातीची माणसं मांडायची. मग खोलीच्या तोंडाशी दगड लावून विहीर बुजवून टाकायची.

हा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. सामान्य माणसाला साधा खड्डा पुरे होई. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० पासून इसवी सन ४०० पर्यंत ही रीत भरात होती, पण तिची मुळं जुनी आहेत. शेजारच्या मिचोआकान राज्यात एल ओपेन्यो इथं इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपास कोरलेली थडगी आहेत. त्यांपैकी एका थडग्यात चेंडूच्या खेळातले खेळाडू आणि त्यांचा खेळ बघत बसलेली माणसं, असा छोट्या मातीच्या मूर्तींचा संचच्या संच मिळाला. कोणीतरी मृताबरोबर एक अख्खा सामना जमिनीखाली पाठवला होता.

नंतरच्या काळातल्या मूर्ती आकारानं मोठ्या आणि आतून पोकळ आहेत. कोलिमाच्या मूर्तींचा रंग गडद तांबडा, पृष्ठभाग घोटून घोटून चकचकीत केलेला. त्यांत गुबगुबीत कुत्री आहेत, पोपट आहेत, बदकं आहेत, पाठीवर ओझं घेतलेले हमाल आहेत, पाठीला कुबड असलेली बुटकी माणसं आहेत. खालिस्कोच्या मूर्तींचे चेहरे लांबट. नायारितची जोडपी नक्षीदार कपडे नेसून शेजारी शेजारी बसलेली असतात. कानांत ओळीनं कड्या, पुरुषाच्या हातात वाद्य किंवा पंखा, बाईच्या हातात वाडगं. अशी पोकळ मूर्ती हातानं उभारणं, ती तडा न जाता सुकवणं, आतली वाफ बाहेर पडायला जागा ठेवून ती उघड्या जाळात भाजणं हे मुरलेल्या कुंभाराचं काम. कोलिमाच्या कित्येक मूर्तींना डोक्यावर किंवा शेपटीच्या जागी तोटी आहे, म्हणजे ती भांडीही आहेत.

एवढ्या कसबाची शेवटची जागा अंधारात. मूर्ती म्हटली की तिला बघणारा डोळा असणारच, असं आपण गृहीत धरतो. देवळातली मूर्ती दर्शनासाठी, चौकातला पुतळा आठवणीसाठी, दिवाणखान्यातली मूर्ती शोभेसाठी. इथं मात्र ज्यांनी ती खाली नेली त्यांना पक्कं ठाऊक होतं की दगड लावल्यावर ती जिवंत माणसाच्या नजरेस पडणार नाही. मग ती कोणासाठी होती? जो मेला आहे त्याच्यासाठी? जमिनीखालच्या शक्तींसाठी? की विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या, रिकाम्या हातांनी घरी परतणं ज्यांना शक्य नव्हतं, अशा आप्तांसाठी? यांपैकी कोणतं उत्तर स्वीकारलं जातं त्यावर आणखी एक प्रश्न अवलंबून आहे: आज या मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत दिव्यांखाली उभ्या आहेत, तिथं उभं राहून त्यांच्याकडे बघण्याचा आपला अधिकार काय?

थडग्यात वस्तू सापडल्या की परलोकावरची श्रद्धा सिद्ध झाली, असं मानण्याची घाई पुरातत्त्वातही पुष्कळ झाली. पीटर उको या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं १९६९ मध्ये एका निबंधातून या घाईला लगाम घातला. जगभरच्या जिवंत समाजांच्या चालीरीती मांडून त्यानं दाखवलं की वस्तू पुरणारे सगळेच लोक परलोक मानत नाहीत आणि परलोक मानणारे सगळेच लोक वस्तू पुरत नाहीत. मृताच्या वापरातली वस्तू दुसऱ्यानं वापरू नये म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. ती घरात दिसत राहिली तर दुःख हलत नाही म्हणूनही जाते. घराण्याचा मोठेपणा चारचौघांत दिसावा म्हणून जाते. मातीच्या मूर्तीकडे बघून तिच्यामागची श्रद्धा थेट वाचता येत नाही, हे एकदा मान्य केलं की या विषयावरच्या पुष्कळशा ठाम विधानांचा आवाज खाली येतो.

कुत्र्याचंच घ्या. कोलिमाचा तांबडा, पोट सुटलेला, कान टवकारलेला कुत्रा आज या सगळ्या कलेची ओळख बनला आहे. त्याचं नातं शोलोइत्स्क्विंत्लीशी जोडलं जातं; ही मेक्सिकोची बिनकेसांची कुत्र्याची जात. फ्रीडा काहलो आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकार दांपत्यानं ती पाळली, आणि २०१७ च्या 'कोको' या चित्रपटामुळे ती घरोघरच्या मुलांना माहीत झाली. कुत्रा थडग्यात का, याचं ठरलेलं उत्तर सोळाव्या शतकातल्या फ्लोरेन्टाइन कोडेक्समधून येतं. बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं नाहुआ जाणत्यांकडून ऐकून, त्यांच्याच भाषेत आणि स्पॅनिशमध्ये, बारा भागांचा हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मिक्त्लान या मृतांच्या लोकाची वाट सांगितली आहे. चार वर्षं चालून मृत एका रुंद नदीशी पोहोचतो. पलीकडे त्याला त्याचा कुत्रा नेतो. पांढरा कुत्रा म्हणतो, मी नुकताच धुऊन निघालो. काळा म्हणतो, मी नुकताच माखलो आहे. नेतो तो पिवळा.

ही गोष्ट इतकी सुंदर आहे की ती कोलिमाच्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा मोह होतो. पण साहागूननं लिहिलं ते या मूर्तींनंतर हजाराहून अधिक वर्षांनी, आणि लिहिलं ते शेकडो किलोमीटर पूर्वेला, मेक्सिकोच्या खोऱ्यात राहणाऱ्या वेगळ्या लोकांविषयी. सातवाहनांच्या लेण्यातल्या एखाद्या शिल्पाचा अर्थ पेशवाईतली बखर उघडून सांगावा, तसा हा प्रकार. बखर खोटी नसते आणि परंपरा इतका काळ टिकणं अशक्यही नसतं, पण पुरावा म्हणून एवढं पुरत नाही. मराठी वाचकाच्या मनात तर महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागे चालत गेलेला कुत्रा लगेच जागा होईल. दोन्ही गोष्टींत मृत्यूच्या वाटेवर कुत्रा सोबत आहे हे खरं. मात्र हे साम्य आपल्या मनाविषयी जितकं सांगतं तितकं कोलिमाविषयी सांगत नाही.

कुत्र्याला दुसरीही बाजू आहे. स्पॅनिश लोक आले तेव्हा मेक्सिकोच्या बाजारात खाण्यासाठी पोसलेली छोटी कुत्री विकली जात होती. कोलिमाच्या काही मातीच्या कुत्र्यांच्या तोंडात मक्याचं कणीस आहे. तेव्हा हा गुबगुबीत प्राणी वाटाड्या होता की शिदोरी? आणि लॉस एंजेलिसच्या कौंटी कला संग्रहालयात एक कोलिमाचा कुत्रा आहे, त्यानं चेहऱ्यावर माणसाचा मुखवटा चढवलेला आहे. तो पाहिला की वाटाडा आणि शिदोरी ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

माणसांच्या मूर्तींवर वाद आणखी मोठा. कोलिमाच्या काही पुरुषांच्या कपाळावर एकच शिंग आहे. १९६० च्या दशकात पीटर फर्स्ट या मानवशास्त्रज्ञानं सांगितलं की हा शामान आहे, म्हणजे आत्म्यांच्या जगात ये-जा करणारा वैद्य आणि पुरोहित. अंग एका बाजूला वळवून, हातात शस्त्र धरून तो मृताकडे येणाऱ्या दुष्ट शक्तींशी लढतो आहे. फर्स्टचा आधार होता तो खालिस्को आणि नायारितच्या डोंगरांत आजही राहणारे विचोल लोक, जे स्वतःला विशारिका म्हणवतात. त्यांच्या विधींचा त्यानं जवळून अभ्यास केला होता. तोवर या मूर्तींना गावातल्या रोजच्या जगण्याची मजेदार चित्रं समजलं जाई. त्यांत धर्म असू शकतो हे फर्स्टनं ठामपणे पुढे आणलं, आणि ते श्रेय त्याचंच आहे.

तीसेक वर्षांनी मार्क मिलर ग्रॅहॅम या कलेतिहासकारानं तेच शिंग वेगळं वाचलं. शिकागोच्या कला संस्थेनं १९९८ मध्ये पश्चिम मेक्सिकोवर मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या ग्रंथात त्यानं मांडलं की हे शिंग म्हणजे समुद्री शंखाचं रूप आहे, आणि शंख ही सत्तेची खूण आहे. त्याच्या मते हा शामान नसून अधिपती आहे. एकच मूर्ती एका अभ्यासकाला मृताचा राखणदार दिसते, दुसऱ्याला मृताच्या घराण्याचं राज्यचिन्ह. दोघांपाशी युक्तिवाद होते. दोघांपाशी नव्हती ती मूर्तीची जागा. ज्या मूर्तींवर ते बोलत होते त्यांपैकी बहुतेक मूर्ती कोणत्या थडग्यातून, कोणाच्या उशाशी किंवा पायाशी असताना उचलल्या गेल्या, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

तशी जागा सांगणारं एक थडगं मात्र १९९३ मध्ये सापडलं होतं. खालिस्कोतल्या वित्सिलापा इथं लोरेन्सा लोपेस मेस्तास आणि होर्हे रामोस दे ला वेगा या पुरातत्त्वज्ञांना चोरांचा हात न लागलेलं विहिरीचं थडगं मिळालं. विहीर साडेसात मीटरहून थोडी अधिक खोल, तळाशी दोन खोल्या, प्रत्येकीत तीन माणसं. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा. उत्तरेच्या खोलीतला मुख्य पुरुष पंचेचाळिशीचा. त्याच्या अंगावर आणि भोवती मोठे समुद्री शंख, हिरव्या दगडाचे दागिने, हजारो शिंपल्यांचे मणी शिवलेलं वस्त्र. त्याच्याजवळ चेंडूच्या खेळाडूंच्या मूर्ती. भांड्यांत अन्नाचे अवशेष. इथं शंख एका अधिकारी माणसाच्या देहावर प्रत्यक्ष पडलेला होता. ग्रॅहॅमच्या वाचनाला त्यानं बळ दिलं, तरी फर्स्टचं वाचन त्यानं पूर्ण खोडलं असं नाही. सत्ता आणि धर्म हे दोन वेगळे कप्पे त्या माणसाच्या आयुष्यात असतील असं मानायला आधार काय?

वित्सिलापानं सांगितलेली आणखी एक गोष्ट हाडांत होती. रॉबर्ट पिकरिंग या मानवशास्त्रज्ञाला तिथल्या काही सांगाड्यांच्या मणक्यांत एकच जन्मजात दोष दिसला. मानेचे मणके एकमेकांना जुळलेले असण्याचा हा दोष क्वचित आढळतो आणि तो वंशातून येऊ शकतो. म्हणजे ही सहा माणसं योगायोगानं एकत्र आली नव्हती; ते बहुधा एक घराणं होतं. नायारित आणि खालिस्कोच्या मूर्तींत जोडपी इतकी का, मातीच्या छोट्या घरांत जेवणं आणि माणसांची दाटी इतकी का, याकडे मग वेगळ्या नजरेनं पाहता येतं. वित्सिलापाच्या थडग्यात एकट्या जिवाच्या प्रवासापेक्षा घराण्याची वीण अधिक ठळक दिसते. मूर्ती त्या विणीतल्या माणसांच्या मधोमध ठेवलेल्या होत्या.

आता मूळ गृहीतकाकडेही संशयानं बघायला हवं. या मूर्ती खरोखर पुरण्यासाठीच घडवल्या होत्या का? अशा मूर्तींचे तुकडे थडग्यांबाहेरही मिळाले आहेत. खालिस्कोत फिल वेगंड आणि आसेलिया गार्सिया दे वेगंड यांनी १९७० च्या दशकापासून अभ्यासलेली तेउचित्लानची गोल, पायऱ्यापायऱ्यांची बांधकामं आज जागतिक वारशात आहेत. नायारितच्या मातीच्या देखाव्यांत अशाच गोलाकार अंगणात माणसं नाचतात, कोणी उंच खांबावर चढून पोटावर तोल सांभाळतो, कुठे एका लांब काठीनं ओळीतल्या माणसांचे गाल टोचून एकमेकांना जोडलेले दिसतात. हा शोकाचा विधी असावा असं काही अभ्यासक मानतात. ही दृश्यं विहिरीच्या वर, उजेडात, गावासमोर घडलेली आहेत. कदाचित मूर्तीही आधी वर होत्या. मिरवल्या गेल्या, घरात बसवल्या गेल्या, आणि मग धन्याबरोबर खाली गेल्या.

मेक्सिकोच्या दुसऱ्या टोकाला, कांपेचेच्या किनाऱ्यालगतच्या हाइना बेटावर, हा प्रश्न हातात धरता येईल इतका स्पष्ट होतो. इसवी सन ६०० ते ९०० च्या सुमारास माया लोकांनी या बेटावर हजारो माणसं पुरली. वीतभर उंचीच्या नाजूक मातीच्या मूर्ती मृताच्या हातांत किंवा छातीवर ठेवलेल्या सापडतात: कंबरेला जाड पट्टा बांधलेला चेंडूचा खेळाडू, खांबाला माग बांधून विणणारी बाई, फुलाच्या पाकळ्यांतून डोकं काढणारा म्हातारा. काहींवर प्रसिद्ध माया निळ्या रंगाचे अवशेष अजून आहेत. आणि यांतल्या पुष्कळ मूर्ती शिट्ट्या किंवा खुळखुळे आहेत. पाठीमागच्या भोकात फुंकलं की त्या वाजतात. माया शहरांत अशाच मूर्तींचे तुकडे घरांच्या आसपास, रोजच्या केरकचऱ्यात मिळतात. म्हणजे त्या वाजवल्या जात, हाताळल्या जात. हाइनाच्या माणसाच्या हातात दिलेली शिट्टी कदाचित त्यानं स्वतः वाजवलेली असेल. किंवा ती त्याच्यासाठी शेवटची वाजवून मग त्याच्या मुठीत ठेवली असेल. दोन्ही शक्यतांत ती वस्तू जिवंत हातातून मृत हातात गेली, आणि तिचा अर्थ त्या हस्तांतरात आहे. मूर्ती एकटी घेतली तर अर्धं वाक्य हाती येतं.

विसाव्या शतकात मूर्ती एकटीच घेतली गेली. कार्ल लुमहोल्त्झ या नॉर्वेजियन प्रवाशानं १९०२ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम मेक्सिकोच्या मूर्तींची चित्रं छापली. पुढे दिएगो रिव्हेरानं त्या वेड्यासारख्या जमवल्या. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला युरोपचा वारसा पुरेनासा झाला होता. रिव्हेराला आपल्या मातीतली, कष्टकऱ्यांचे चेहरे असलेली कला हवी होती आणि ती त्याला इथं दिसली. १९४६ मध्ये मेक्सिको सिटीच्या कला प्रासादात पश्चिमेच्या कलेचं प्रदर्शन भरलं, ते मुख्यतः त्याच्या संग्रहावर. त्याचा संग्रह आज आनाउआकाली या ज्वालामुखी दगडाच्या संग्रहालयात आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये उघडलं. रिव्हेराचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्या प्रेमानं मागणी वाढवली, आणि मागणीनं विहिरी उघडल्या. पश्चिम मेक्सिकोत मूर्तींना मोनो म्हणतात आणि त्या उकरून विकणाऱ्याला मोनेरो. गरीब शेतकऱ्याला एका चांगल्या कुत्र्यात हंगामापेक्षा जास्त पैसा दिसला तर त्यानं लोखंडी सळई घेऊन जमीन टोचत फिरू नये, असं त्याला कोण सांगणार? हाडं मोनेरोच्या उपयोगाची नव्हती. ती तिथंच विस्कटली, तुटली, फेकली गेली.

बाजार वाढला तशा नकलाही आल्या. १९७४ मध्ये वेराक्रूस राज्यात ब्रिहिदो लारा नावाच्या कुंभाराला प्राचीन मूर्तींच्या तस्करीच्या आरोपावरून अटक झाली. तज्ज्ञांनी मूर्ती अस्सल ठरवल्या होत्या. लारा म्हणाला, त्या मी केल्या आहेत. कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्यानं तुरुंगात माती मागवली आणि तशाच मूर्ती घडवून दाखवल्या. तो सुटला, पुढे खालापाच्या मानववंश संग्रहालयानं त्याला दुरुस्तीच्या कामावर घेतलं, आणि परदेशातल्या नामांकित संग्रहालयांतल्या काही मूर्ती आपल्याच हातच्या असल्याचा दावा त्यानं केला.

लाराच्या मूर्तीत कमी काय होतं? माती तिथलीच, हात तिथलाच, घडण इतकी नेमकी की जाणकार फसले. सौंदर्य हेच या मूर्तींचं सार असेल, तर लाराची मूर्ती आणि थडग्यातली मूर्ती यांत फरक करायचं कारणच उरत नाही. पण फरक आहे, आणि पश्चिम मेक्सिकोच्या मूर्तींच्या बाबतीत तो पिकरिंगनं एका अनपेक्षित जागी दाखवला. मृतदेह कुजताना त्यावर माश्या अंडी घालतात, अळ्या होतात, कोष होतात. बंद खोलीत या कोषांची रिकामी कवचं शेजारच्या मूर्तींच्या अंगाला चिकटतात आणि दोन हजार वर्षं टिकतात. भिंगाखाली ती दिसली की मूर्ती खरोखर एखाद्या देहाशेजारी उभी होती असं मानायला भक्कम आधार मिळतो. संग्रहालयात आपण ज्या तकाकीचं कौतुक करतो तिच्यावर एका माणसाच्या विरघळण्याची ही नोंद आहे. लाराच्या मूर्तीला हे कोणी दिलेलं नाही, कारण तिला कोणाच्या सोबतीला बसवलेलंच नाही.

इथं नैतिक प्रश्न टाळता येत नाही. मृताला काहीच कळत नाही, त्याचं काहीच नुकसान होऊ शकत नाही, असा युक्तिवाद ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसपासून चालत आला आहे, आणि तो सहज खोडता येणारा नाही. मृत माणसाला मूर्ती हवी असते का, हे खरंच कोणी सिद्ध करू शकत नाही. पण परलोक न मानणारा माणूसही बापाचं मृत्युपत्र पाळतो. बापाला कळेल म्हणून तो ते पाळत नाही. एका माणसानं दुसऱ्यासाठी काही ठरवलं आणि त्याला आता बोलता येत नाही, एवढंच कारण त्याला पुरतं. वित्सिलापाच्या विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या लोकांनी असंच काही ठरवलं होतं. त्यांची श्रद्धा कोणती होती याचा वाद फर्स्ट आणि ग्रॅहॅम यांच्या वारसदारांत चालू राहील. त्यांची कृती मात्र वादातीत आहे: त्यांनी दिलं, आणि परत न घेण्यासाठी दगड लावला. दिलेली वस्तू मृताला पोहोचली की नाही हा धर्माचा प्रश्न आहे. ती दिलेली होती हे मान्य करणं मात्र कोणत्याही श्रद्धेवर अवलंबून नाही.

मेक्सिकोत मृतांना देण्याची रीत आजही मोठी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरोघरी मृतांसाठी पान मांडलं जातं, वाट झेंडूच्या फुलांनी सजते. ज्या झेंडूशिवाय महाराष्ट्रात दसरा होत नाही, तो मूळचा त्याच मातीतला. पण ते पान सगळ्यांना दिसावं असं मांडलेलं असतं आणि नंतर घरचे लोक ते खातात. विहिरीच्या तळाशी ठेवलेलं अन्न मात्र कोणी पुन्हा खाल्लं नाही. देण्याच्या या दोन पद्धती वेगळ्या आहेत, आणि दुसरीला पहिलीच्या रंगीत उत्सवात विरघळवून टाकणं सोपं असलं तरी प्रामाणिक नाही.

१९७२ च्या कायद्यानं मेक्सिकोनं जमिनीतल्या सगळ्या प्राचीन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवल्या. त्या विकता येत नाहीत, देशाबाहेर नेता येत नाहीत. पॅरिसमध्ये अशा वस्तूंचे लिलाव होतात तेव्हा मेक्सिको सरकार जाहीर निषेध करतं, आणि तो रास्त आहे. तरीही राष्ट्र हा मृताचा वारस कसा, हे कायदा सांगत नाही. राष्ट्र राखणदार होऊ शकतं. राखणदारी नीट करायची तर ती मूर्तीपुरती ठेवून चालणार नाही, तिच्यात देहही आला पाहिजे. आज जगभर बहुतेक ठिकाणी कुत्रा काचेच्या पेटीत आहे आणि धनी कुठेच नाही. निदान मूर्तीखालच्या पाटीवर तरी लिहिलं जावं की ही वस्तू एका थडग्यातून, त्या माणसाची हाडं विस्कटून, काढली गेली. कोणाची होती ते आता कळू शकत नाही. 'समाधीसाठी केलेली मूर्ती' एवढे तीन शब्द त्या घटनेला सभ्य करून टाकतात.

आणि जी थडगी अजून बंद आहेत, त्यांचं काय? जमिनीखालच्या पोकळ्या न खणता ओळखणारी उपकरणं आता पुरातत्त्वाच्या हाती आहेत. बंदच ठेवली तर कधी ना कधी मोनेरो पोहोचेल, ही भीती खरी आहे. वित्सिलापाचं थडगं अभ्यासकांआधी त्याला सापडलं असतं तर सहा माणसांचं ते घराणं आज सहा संग्रहांत विखुरलेलं असतं. म्हणून जिथं धोका समोर आहे तिथं उघडावं, आणि उघडलं तर माणूस, मूर्ती, शंख आणि अन्नाचा कण यांची एकमेकांतली जागा जपून, त्यांना कायम एकत्र ठेवण्याची हमी आधी देऊन उघडावं. जिथं तसा धोका नाही तिथं उपकरणानं पोकळीची नोंद घ्यावी, गावाला तिच्या राखणीत सामील करून घ्यावं आणि विहीर बुजलेलीच राहू द्यावी. त्यामुळे काही प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत. शंख, शिंग आणि मुखवटा चढवलेला कुत्रा यांच्याविषयी अभ्यासकांना आणखी काही पिढ्या वाद घालावा लागेल, आणि ज्यांनी दगड लावला त्यांच्याकरता एवढी किंमत मोजायला हरकत नसावी.